कोळसा, मीठ आणि गाडी

गाडी घरी आणली त्या रात्री चार्जरच्या खोक्यावर लाल दिवा लागला आणि काही केल्या हिरवा होईना. प्लग काढून पुन्हा घातला, वायरीचं वेटोळं सोडून ती सरळ केली, मेन स्विच बंद करून चालू केला. दिवा लालच. अंगणातल्या त्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर कित्येक वर्षं पाण्याची मोटर बिनतक्रार चालत आली होती, त्यामुळे पॉइंटवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. सेकंडहँड गाडी घेतली, तीही विजेवरची, आणि पहिल्याच रात्री ती आजारी निघाली, या विचारानं पोटात गोळा आला होता.

अण्णा, माझे वडील, टॉर्च घेऊन बाहेर आले. वय ७८. १९६९ साली विद्युत मंडळात हेल्पर म्हणून लागले, लाईनमन झाले आणि २००५ साली, मंडळाच्या कंपन्या झाल्या त्याच वर्षी निवृत्त झाले. आता उंचावर चढत नाहीत, पण गल्लीत कुणाची लाईट गेली तर आधी आमच्या दारात हाक येते.

"लाल म्हंजे काय म्हणतीय ती?"

मी पुस्तिका उघडून पाहिली. "अर्थ फॉल्ट, अण्णा."

ते खोक्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग गाडी बरोबर सांगतीय. खोट आपल्या घरात हाय."

त्यांनी माळ्यावरून जुना टेस्ट लॅम्प काढायला लावला. १०० वॉटचा पिवळा बल्ब, एक होल्डर आणि दोन वायरी, बाकी काही नाही. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची काढून वरच्या जाड भोकात, अर्थिंगला लावली. बल्ब पेटला, पण देवघरातल्या समईएवढाच. आतली तार नुसती तांबूस झाली. "हे बघ," ते म्हणाले, "जमिनीनं हात आखडता घेतलाय."

पाण्याच्या मोटरीला अर्थिंग असो नसो, ती फिरतच राहते. कुणाला शॉक बसेपर्यंत कळत नाही. गाडीचं तसं नाही. ती रबरी टायरांवर उभी असते, तिचं सगळं लोखंडी अंग जमिनीपासून तुटलेलं असतं. चार्जिंग चालू असताना आत कुठं वायरीचं आवरण फाटलं आणि फेज अंगाला टेकला, तर ती वीज वाट बघत थांबते. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कुणी दाराला हात लावला की त्याच्या अंगातून जमिनीत जाते. म्हणून चार्जर आधी जमिनीशी धड संबंध आहे का ते तपासतो, आणि नसेल तर एक युनिटही आत घेत नाही. त्या रात्री मला गाडीचा राग आला होता. आता वाटतं, आमच्या घरात इतकी वर्षं दबून राहिलेला धोका पहिल्यांदा बोलून दाखवला तो तिनंच.

खोट कुठं होती ते सकाळी सापडलं. घर बांधताना, १९८६ साली, अण्णांनी स्वतः खड्डा खणून अर्थिंग केलं होतं. पुरुषभर खोल खड्डा, त्यात जी.आय. पाइप, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. पाइपाच्या तोंडाला नरसाळं आणि वर छोटं झाकण. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं. लहानपणी चैत्र लागला की त्या नरसाळ्यात रोज एक बादली पाणी ओतायचं काम माझ्याकडे असायचं. तुळशीला तांब्या आणि अर्थिंगला बादली. गाडी येण्याच्या सहा वर्षं आधी मी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, चिखल नको म्हणून. नरसाळं त्याखाली गेलं. तेव्हा अण्णा आत्याकडे होते आणि मला त्या बादलीची आठवणच झाली नाही. सहा उन्हाळे माती कोरडी पडत गेली, मीठ विरून गेलं, पाइप गंजला.

दुसरा खड्डा खणला. हल्ली तयार रासायनिक पावडरीच्या पिशव्या मिळतात, त्याही चांगल्या असतात. पण अण्णांनी कोळसा आणि जाडं मीठच आणायला सांगितलं. मजुराला वर काढून ते काठावर पाट टाकून बसले आणि एकेक थर कसा पसरायचा ते सांगत राहिले. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. मीटरपासून पॉइंटपर्यंत वेगळी जाड वायर, आणि त्या लाईनवर गळती झाली की क्षणात तुटणारा आरसीसीबी. संध्याकाळी प्लग लावला आणि हिरवा दिवा लागला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त वायरीला हात लावून ती तापत नाही ना, ते दोनदा पाहून गेले.

गावात त्यानंतर मला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "चार्जिंग कुठं करता?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप असतो. पंप म्हणजे आपण गाडी घेऊन जातो, पाच मिनिटांत टाकी भरून येतो, अशी जागा. मग आमच्या वाईत विजेचा पंप कुठं आहे, असा तो प्रश्न असतो. "घरी" म्हटलं की समोरच्याला ते उत्तर अपुरं वाटतं. "ते झालं, पण खरं चार्जिंग?"

खरं चार्जिंग तेच आहे, हे मला दोन वर्षं गाडी चालवल्यावर पुरतं पटलंय. हिशेब साधा आहे. १५ अँपिअरचा पॉइंट तासाला साधारण ३ युनिटं गाडीत घालतो. माझी गाडी पहिल्या पिढीतली नेक्सॉन, बॅटरी ३०.२ युनिटांची. माझी नोकरी साताऱ्याला, जाऊन-येऊन ७० किलोमीटर. एका युनिटात मला ७ किलोमीटर पडतात, म्हणजे दिवसाला १० युनिटं, म्हणजे रात्रीचे साडेतीन तास. अगदी रिकामी गाडी आणून लावली तरी रात्री आठला लावलेली सकाळी सहाला भरलेली असते. मधे आपण झोपलेले असतो. पंपावर वेळ आपला जातो, इथं गाडीचा जातो, आणि गाडीला रात्रभर दुसरं काही काम नसतं.

शोरूमवाले आणि मित्रमंडळी भिंतीवर ७.२ किलोवॉटचं मोठं खोकं बसवा म्हणून मागे लागतात. नव्या, मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना त्याचा उपयोग आहेच. पण आधी आपली गाडी किती घेऊ शकते ते विचारावं. बॅटरीत डीसी वीज भरावी लागते आणि घरात येते ती एसी. बदलायचं काम गाडीच्या पोटातला चार्जर करतो. माझ्या गाडीचा तो ३.३ किलोवॉटचा आहे. भिंतीवर कितीही मोठं खोकं लावलं तरी ती तेवढाच घास घेणार. आणि खोकं मोठं म्हणजे मंजूर भार वाढवून घेणं आलं, जुन्या घराची वायरिंग बदलणं आलं. हायवेवरच्या जलद चार्जरमध्ये हे एसीचं डीसी करणं बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होतं, म्हणून तिथं ३० किंवा ६० किलोवॉटनं वीज थेट बॅटरीत जाते. त्याचा प्लग जड, वर गोल तोंड आणि खाली दोन जाड पिना, सीसीएस-२ म्हणतात तो. तिथंही ८० टक्क्यांनंतर वेग उतरतो. पोट भरत आलेल्या माणसाला शेवटचे घास भराभर जात नाहीत तसं. हायवेवर ८० ला उठून चालू लागावं, मागं कुणीतरी थांबलेलं असतं.

तर घर, अंगण आणि मुक्कामाला परत येणारी गाडी या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याची छोट्या गावात मुळीच अडचण नाही. उलट मुंबई-पुण्यातल्या बाराव्या मजल्यावर राहणारी माझी मामेबहीण सोसायटीच्या परवानगीसाठी आठ महिने भांडत होती. तिच्यापेक्षा आपण भाग्यवान, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. सगळे आपल्याला सांगतात की गावात चार्जिंगच्या सोयी नाहीत.

सोयी वाढताहेत, तेही खरं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये एक महत्त्वाचा खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. त्यासाठी वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्गदर्शक सूचना आल्या. शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं, असं त्यात ठरलं. २०२३ मध्ये तेल कंपन्यांना त्यांच्या पंपांवर ७,४३२ जलद चार्जर उभारायला ८०० कोटी रुपये मंजूर झाले. राज्याच्या २०२५ च्या धोरणानंतर समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर विजेच्या चारचाकीला टोल माफ झाला. हे सगळं चांगलंच आहे. पण यातली बरीचशी नजर रस्त्यावर आहे. गावातून जाणाऱ्या माणसाची काळजी त्यात दिसते. गावात राहणाऱ्याची तेवढी दिसत नाही.

आणि रस्त्यावरची सोयही अडीअडचणीला दगा देते, ते मी अनुभवलंय. गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. पुण्याला एका दवाखान्यात आत्याला दाखवायला गेले होते. तिथं दिवस गेला, पुण्यात चार्जिंगला लावायचं राहून गेलं. निघताना ठरवलं, सुरूरच्या अलीकडे-पलीकडे हायवेला एक जलद चार्जर आहे, तिथं वीस मिनिटं थांबू. ॲपमध्ये तो हिरवा दिसत होता. पाऊस मी म्हणत होता. पुण्याहून येताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा, बोगदा फक्त परतीच्या वाटेला होता. घाटानं आकडे भराभर खाल्ले. उतरून चार्जरपाशी पोचले तर पडदा काळा. आडोशाला उभ्या असलेल्या रखवालदारानं छत्रीतूनच हात हलवला. "चार दिवस झाले ताई, बंदच हाय." ॲपमध्ये तो तेव्हाही हिरवा होता. गाडीत ७ टक्के, आत्या मागच्या सीटवर झोपलेली, वाई अजून बारा किलोमीटर.

हिशेबानं पोचले असते. पण पावसात, अंधारात, आजारी माणूस बरोबर असताना हिशेबावर विसंबायला मन धजत नाही. वाटेतल्या एका गावात रस्त्याला लागून पिठाची गिरणी दिसली. पट्टा फिरत होता, दारात दळणाचे डबे ओळीनं लावलेले. मला एकदम अण्णांचं वाक्य आठवलं. गावात चांगली लाईट शोधायची तर गिरणी शोधायची, असं ते म्हणतात. थ्री फेज असते, लोड मंजूर असतो, आणि मोटरीचा शॉक एकदा खाल्लेला असतो म्हणून अर्थिंग सुद्धा जाग्यावर असतं.

गिरणीवाल्या मावशींनी पांढऱ्या भुवया वर करून माझं बोलणं ऐकलं. "लाव की," म्हणाल्या, "पण फ्यूज उडाला तर दळणं खोळंबतील हां." मी त्यांना सांगितलं, तुमच्या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरीपुढे ही गाडी म्हणजे एक गिझर आणि वर एक इस्त्री, एवढीच. कोपऱ्यात पॉवरचा पॉइंट होता. पिठानं पांढरा झालेला प्लग पुसून मी खोकं लावलं. हिरवा दिवा पहिल्या झटक्यात लागला. त्या क्षणी तो दिवा मला किती सुंदर दिसला ते शब्दांत सांगता यायचं नाही.

सव्वा तास बसलो आम्ही तिथं. आत्याला मावशींनी पोत्यावर गोधडी टाकून टेकायला दिलं, चहा आणला. निघताना मी पैसे विचारले. त्या अडखळल्या. "दळणाचं किलोवर घेते. लाईटीचं कशावर घेऊ?"

या प्रश्नाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, आणि तो अजून माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. विरजण, कढीलिंब, अंगारा याचे पैसे नसतात. मोबाइल चार्जिंगला लावतो का, असं विचारलं तर कुणी पैसे मागत नाही. पण गाडी चार युनिटं घेते. पाणी म्हणून द्यावी तर जास्त, दळण म्हणून विकावी तर माप नाही. मावशींनी शेवटी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं बिल काढलं, आम्ही दोघींनी युनिटाचा दर काढला, चारनं गुणलं, वर चहाचे म्हणून मी थोडे ठेवले. चहाचे त्यांनी परत केले. विजेचे घेतले. मला ते फार बरोबर वाटलं. त्यांनी ते विजेचे पैसेही नाकारले असते तर पुढच्या वेळी मी तिथं थांबायला संकोचले असते, आणि माझ्यामागून येणारा तिसरा अनोळखी माणूस तर थांबलाच नसता.

नंतर मी त्यांना २०१८ च्या त्या खुलाशाबद्दल सांगून आले. अडल्यानडल्याला देणं वेगळं, आणि धंदा म्हणून करायचं असेल तर चार्जिंगसाठी महावितरणचा स्वतंत्र दर आणि स्वतंत्र जोडणी असते, तेही सांगितलं. त्यांच्या मुलानं सगळं वहीत उतरवून घेतलं. अजून काही केलेलं नाही, पण विचारतो मात्र दर वेळी.

वाईच्या आळ्यांमध्ये मात्र माझा हिशेब अडतो. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही: घाटाकडे उतरत जाणारे बोळ, भिंतीला भिंत लागलेले वाडे, एका वाड्यात चार बिऱ्हाडं. अंगण कुणाचंच नाही, किंवा सगळ्यांचं आहे आणि त्यात हातपंप आहे. माझी धाकटी मावशी तिथं राहते. तिच्या नातवानं गेल्या दिवाळीत विजेची स्कूटर घेतली, कुरिअरच्या कामाला. रोज साठ-सत्तर किलोमीटर, पेट्रोल परवडत नव्हतं. स्कूटरची बॅटरी ३ युनिटांच्या आसपास, म्हणजे वीज किरकोळ. पण लावायची कुठं? काही स्कूटरच्या बॅटऱ्या काढून हातात नेता येतात, दहा-अकरा किलोची एकेक; लाकडी जिन्यानं रोज वर चढवायची. याची तर काढताच येत नाही. मग पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेलं एक्स्टेन्शन, पांढरी बारीक वायर, बोळावरून पलीकडे, पावसात प्लॅस्टिकची पिशवी बांधून. शिवाय सामायिक मीटर, त्यामुळे बिलावरून कुरबुर.

मी अण्णांना तिथं घेऊन गेले. त्यांनी ती बारीक वायर बोटांत धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. कोमट होती. रात्रभर चार-पाच तास सलग लोड ओढणारी वस्तू आपल्या जुन्या घरांना सवयीची नाही. मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री तापून बंद होते. गाडी मात्र तासन्‌तास ओढत राहते, आणि कमजोर जोड असेल तर तो हळूहळू तापत, काळा पडत जातो. वाड्याची लाकडं दोनशे वर्षांची आहेत. अण्णांनी त्याच दिवशी जाड केबल आणून भिंतीच्या कडेनं क्लिपा मारून खाली आणायला लावली, खाली झाकणाचा पॉइंट, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा एमसीबी, आणि त्या मुलाच्या नावावर छोटा वेगळा सबमीटर. कुरबुर थांबली. पण अर्थिंग? वाड्याला ते नळाच्या पाइपाला दिलेलं होतं. आणि नळाचे पाइप मधल्या काळात पीव्हीसीचे झाले होते. म्हणजे गेली काही वर्षं सबंध वाड्याची अर्थिंगची तार एका प्लॅस्टिकच्या नळीला बांधलेली होती.

असे किती वाडे असतील, किती चाळी, किती गावं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आता प्रत्येक सभेत, प्रत्येक ओळखीच्याजवळ बोलते. छोट्या गावाला दोन-तीन मोठे जलद चार्जर लागतील, ते हायवेला असू देत, पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी असू देत. गावाला स्वतःसाठी हवेत ते शंभर साधे १५ अँपिअरचे पॉइंट, चांगल्या अर्थिंगचे, मीटर असलेले, जिथं गाड्या एरवीही उभ्या असतात तिथं. मंडईच्या पार्किंगला, बँकेच्या दारात, शाळेच्या कुंपणाला, एसटी स्टँडबाहेर जिथं लोक सकाळी स्कूटर लावून साताऱ्याला जातात तिथं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उभी असलेली स्कूटर दोनदा भरून निघेल. दुचाकीसाठी आपल्या देशाचं स्वतःचं प्लगचं मानक २०२३ साली मंजूर झालंय, साधं आणि जलद दोन्ही चार्जिंग एकाच प्लगमधून होणारं. तेही हळूहळू सगळ्या गाड्यांत येईल. पण साधा तीन पिनांचा पॉइंट आज सगळ्यांना चालतो.

दिवसा लावण्यात आणखी एक फायदा आहे, तो अण्णांनी दाखवला. आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, संध्याकाळी सात ते दहा गुरगुरते. घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, उन्हाळ्यात कूलर. त्याच वेळी दहा जणांनी कामावरून येऊन गाड्या लावल्या तर ३० किलोवॉट एकदम वाढले. "सात ते दहा तिला श्वास घेऊ दे," ते म्हणतात. म्हणून माझी गाडी अकरा वाजता लागते, अण्णाच लावतात, त्यांना तोवर झोप येत नाही. रविवारी मात्र दुपारी बाराला. वरच्या गच्चीवर आता ३ किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत, सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. रविवारी दुपारी ऊन थेट गाडीत उतरतं. २००५ नंतरच्या त्या वर्षांत तासन्‌तास भारनियमन असायचं, लोक अण्णांना रस्त्यात गाठून जाब विचारायचे, निवृत्त झालेत हे कुणी ऐकून घ्यायचं नाही. ते दिवस सोसलेला माणूस आता दुपारी गच्चीवर जाऊन पॅनेलवरची धूळ पुसतो आणि मीटर उलटा मोजतोय का ते बघतो.

एकदा त्यांना पसरणीच्या घाटानं पाचगणीला नेलं. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या घरात, पाचगणी १,३०० च्या. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी सहाशे मीटर उचलायची म्हणजे नुसत्या उचलण्यालाच अडीच युनिटं लागतात, रस्ता कापायची वेगळी. चढताना ते पडद्यावरचा आकडा बघत होते, ६८, ६५, ६२. हॅरिसन फॉलीला चुरमुरे खाल्ले, वारा खाल्ला. उतरताना मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. उतारावर चाकंच मोटरीला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि वीज उलटी बॅटरीत जाते. सगळी परत येत नाही, पण थोडीफार येते. अण्णांनी बाण उलटा झालेला पाहिला आणि चष्मा काढून जवळ वाकले.

"म्हंजे आता आपण कोयना झालो."

१९६२ साली कोयनेची पहिली वीज सुरू झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. उंचावरून खाली येणारं काहीतरी अडवायचं आणि त्यातून वीज काढायची, हे त्यांनी आयुष्यभर तारांच्या दुसऱ्या टोकाला राहून पाहिलेलं. घाट संपेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. खाली कृष्णेचा पट्टा आणि हळदीची शेतं दिसत होती. वाईत शिरलो तेव्हा आकडा पाचगणीहून निघताना होता त्यापेक्षा दोननं वाढलेला होता, आणि ती गोष्ट त्यांनी पुढचे आठ दिवस प्रत्येकाला सांगितली.

मंडईजवळच्या पार्किंगसाठी आम्ही काही जणांनी नगरपालिकेत अर्ज दिलाय. दहा पॉइंट, दहा सबमीटर, वर पत्र्याची शेड, देखरेखीला तिथलाच सायकल दुरुस्तीवाला. गेल्या आठवड्यात जागा दाखवायला बोलावणं आलं. अर्जाला आराखडा जोडायचा होता. मी संगणकावर करते म्हटलं, तर अण्णांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पट्टी-पेन्सिल मागितली. मला वाटलं आधी खांब काढतील, किंवा मीटरची पेटी. त्यांनी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला, त्यात फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "अर्थिंग खड्डा, ८ फूट". मग पेन्सिल कानाला लावून विचारात पडले, गोल खोडला आणि कागदाच्या उजव्या कडेला नव्यानं काढला.

"इकडं का?" मी विचारलं.

"इकडं नदी हाय," ते म्हणाले. "वैशाखातसुद्धा तिथली माती ओली असती."